जुगुप्सेचे जतन : ‘गार्बेज पेल किड्स’ कार्डांच्या पुनरुज्जीवनाची चिकित्सा

प्रस्तावना

१९८५ साली अमेरिकेतील दुकानांत पंचवीस सेंटला एक पाकीट मिळू लागले. ब्रुकलिन येथील टॉप्स च्युइंग गम कंपनीच्या या पाकिटात च्युइंग गमची एक पट्टी आणि पाच स्टिकर-कार्डे असत. प्रत्येक कार्डावर गोबऱ्या गालांचे, बाहुलीसारखे दिसणारे एक मूल आणि त्या मुलाची काहीतरी किळसवाणी दशा रंगविलेली असे. कोणाच्या नाकातून शेंबडाच्या तारा लोंबत आहेत, कोणी थडग्यातून उठून येत आहे, कोणाला ओकारी आवरत नाही. मालिकेचे नाव होते ‘गार्बेज पेल किड्स’, म्हणजे कचऱ्याच्या बादलीतली मुले. १९८८ पर्यंत तिचे पंधरा संच निघाले. सोळावा संच तयार होता, परंतु त्या वेळी तो अमेरिकेच्या बाजारात आला नाही. पुढे २००३ साली टॉप्सने नव्या चित्रांसह मालिका पुन्हा सुरू केली. २०१५ मध्ये तिसाव्या आणि २०२० मध्ये पस्तिसाव्या वर्धापनाचे संच काढण्यात आले. २०२५ मध्ये या कार्डांना चाळीस वर्षे पूर्ण झाली.

प्रस्तुत लेखाचा विषय मूळ कार्डे हा जितका आहे, त्याहून अधिक त्यांचे हे पुनरागमन आहे. ही कार्डे हाताळत मी वाढलो नाही. त्यामुळे स्मरणरंजनाचा लाभ मला नाही, आणि त्याचा अडसरही नाही. आर्ट स्पीगलमन यांची ‘माउस’ ही चित्रकादंबरी वाचताना, ज्या काळात ते आपल्या वडिलांच्या छळछावणीतील आठवणी रेखाटत होते त्याच काळात पोटासाठी टॉप्स कंपनीत अशा कार्डांच्या कल्पना घडवीत होते, ही माहिती समोर आली आणि कुतूहल जागे झाले. पुढे मूळ कार्डे आणि वर्धापनसंच शेजारी ठेवून पाहिल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. किळस तीच आहे, किंबहुना चित्रणात ती काकणभर अधिकच आहे. परंतु जिच्यासाठी ती किळस योजलेली होती ती वस्तू आता समोर नाही. इतकेच नव्हे, तर त्या वस्तूची जागा कार्डांनी स्वतःच घेतली आहे. हे कसे घडले, याचा शोध पुढे घेतला आहे.

कोबीच्या वाफ्यातील बाहुली

या कार्डांचा अर्थ ‘कॅबेज पॅच किड्स’ या बाहुल्यांशिवाय लागत नाही. कॅबेज पॅच म्हणजे कोबीचा वाफा. जॉर्जिया राज्यातील झेव्हियर रॉबर्ट्स यांच्या कंपनीने या कापडी बाहुल्या प्रथम विकल्या. नंतर कोलेको या खेळणी कंपनीने त्यांचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन केले. १९८३ च्या नाताळात या बाहुल्या मिळविण्यासाठी अमेरिकेतील दुकानांत पालकांची झोंबाझोंबी झाली, हे त्या वर्षीच्या बातम्यांतून सर्वज्ञात आहे. बाहुली ‘विकत’ घ्यायची नसे, ‘दत्तक’ घ्यायची असे. सोबत जन्मदाखला आणि दत्तकपत्र मिळे. क्लीव्हलँड या जॉर्जियातील गावी तर ‘प्रसूतिगृह’ थाटलेले होते. तेथे परिचारिकेच्या वेषातील कर्मचारी कोबीतून बाळ ‘जन्माला’ घालीत आणि ग्राहकाकडून दत्तकविधीची शपथ वदवून घेत. प्रत्येक बाहुलीचे नाव निराळे. संगणकाच्या साहाय्याने चेहरा, केस, कपडे यांत फेरफार करून प्रत्येक बाहुली जगात एकमेव असल्याचा दावा केला जाई.

म्हणजे येथे विकले जात होते ते वात्सल्य, आणि तेही कागदपत्रांसह. कारखान्यात लाखोंच्या संख्येने तयार होणाऱ्या वस्तूला एकमेवाद्वितीय अपत्याचा दर्जा देणारी ही युक्ती होती. गार्बेज पेल किड्सच्या कर्त्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. बाहुलीला एकमेव नाव असे; कार्डावर मात्र एकाच चित्राला दोन नावे दिली. क्रमांकापुढे ‘अ’ आणि ‘ब’ अशी अक्षरे घालून तेच चित्र दोनदा छापले जाई. ‘ॲडम बॉम्ब’ हाच ‘ब्लास्टेड बिली’, ‘नॅस्टी निक’ हाच ‘ईव्हिल एडी’. यात व्यापारी हिशेब होताच, कारण निम्म्या चित्रांत संच दुप्पट होतो. आपले किंवा वर्गमित्राचे नाव सापडण्याची शक्यताही त्यामुळे वाढे. परंतु विडंबन म्हणून पाहिले तर ही फार मार्मिक योजना आहे. तुमचे मूल एकमेव नाही, त्याच्या जागी दुसरे कोणतेही नाव चिकटवता येते, असे ती सुचविते. कार्डांच्या मागील बाजूस खोटे परवाने, खोटी बक्षीसपत्रे छापलेली असत. दत्तकपत्राला दिलेले ते उत्तरच होते.

या कार्डांमागे बऱ्यापैकी बुद्धिमान मंडळी होती. टॉप्समध्ये लेन ब्राउन यांच्या देखरेखीखाली स्पीगलमन आणि मार्क न्यूगार्डन यांनी संपादन व कलादिग्दर्शन केले. पहिल्या संचाची चित्रे जॉन पाउंड यांनी रंगविली. पुढे टॉम बंक आदी चित्रकार सामील झाले. घरगुती वापराच्या वस्तूंच्या वेष्टनांची टिंगल करणारी ‘वॅकी पॅकेजेस’ ही टॉप्सची आधीची मालिका. तिच्यासाठी सुचलेल्या एका चित्राचाच हा विस्तार. पाउंड यांचे कसब असे की त्यांनी बाहुलीच्या गालांची चकाकी आणि मऊपणा कायम ठेवला. मूल कितीही विद्रूप झाले तरी प्रथमदर्शनी ते गोंडस वाटते आणि किळस क्षणभर उशिरा येते. वर उल्लेखिलेला नॅस्टी निक हे रक्तपिपासू पोर पाहावे. त्याच्या हातात एक बाहुली आहे आणि तिच्या मानेचा चावा घेऊन झालेला आहे. बाहुलीसारख्या मुलाने बाहुलीचे रक्त प्यावे, यातील तिरकस विनोद मालिकेच्या पहिल्याच कार्डावर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बीभत्स की हास्य?

भारतीय रसव्यवस्थेच्या परिभाषेत या कार्डांचा विचार केला असता एक पेच उभा राहतो. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायिभाव. भरताने नाट्यशास्त्रात बीभत्साचे जे भेद सांगितले आहेत त्यांत रक्त, आतडी इत्यादींमुळे होणारा तो क्षोभज आणि विष्ठा, कृमी इत्यादींमुळे होणारा तो उद्वेगी. गार्बेज पेल किड्सच्या चित्रांची विभागणी या दोहोंत सहज करता येते. उद्वेगी गटाकडे पारडे अधिक झुकेल. परंतु भरताच्या मते बीभत्सापासून निष्पन्न होतो तो भयानक. येथे तर मुले खदखदून हसत होती. मग हे हास्य येते कोठून?

उत्तर भरताच्याच दुसऱ्या विधानात सापडते. शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, असे तो म्हणतो. अभिनवगुप्ताने हे तत्त्व व्यापक केले आणि अन्य रसांचा आभासही हास्याला कारण होतो असे दाखविले. वत्सल हा रस भरताच्या यादीत नाही. विश्वनाथाने साहित्यदर्पणात त्याला स्थान दिले. गार्बेज पेल किड्समध्ये जे आहे ते वत्सलाच्या अनुकृतीतून आलेले हास्य. किळस हे तेथे साध्य नव्हे, साधन आहे. आणि अनुकृती म्हटली की अनुकार्य हवेच. बाहुली डोळ्यांसमोर नसेल तर कार्डात हास्य उरत नाही, केवळ शेंबूड उरतो.

पाश्चात्य समीक्षेतही जवळपास येथेच पोहोचता येते. मिखाइल बाख्तीन यांनी राब्लेवरील आपल्या ग्रंथात लोकहास्यातील विरूप देहाचा विचार मांडला आहे. हा देह उघडा, सांडणारा, बाहेर वाहणारा असतो. याउलट अभिजात देह बंद आणि गुळगुळीत. कोलेकोची कापडी बाहुली हा असा बंद देह होता. तिला भूक नाही, मळ नाही, मरण नाही. कार्डाने ती उघडली. जुलिया क्रिस्तेवा यांनी १९८० साली मांडलेली त्याज्याची संकल्पनाही येथे लावली जाते. पण माझ्या मते ती थोडी जड होते. क्रिस्तेवांचा त्याज्य ‘स्व’ला हादरवून सोडतो, आठ-नऊ वर्षांचे पोर ओकारीचे कार्ड पाहून हादरत नाही, ते शेजारच्या बाकावर नेऊन दाखविते. (बाहुलीच्या बंद देहाविषयी एक विलक्षण योगायोग नोंदवायला हवा. १९९६ साली, तोवर हक्क मॅटेल कंपनीकडे आलेले असताना, यंत्राने जबडा हलवून खोटा खाऊ खाणारी कॅबेज पॅच बाहुली बाजारात आली. ती मुलींचे केस आणि बोटे चावू लागली, आणि जानेवारी १९९७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. जॉन पाउंड यांनाही याहून निराळे काही रंगवावे लागले नसते.)

शाळांनी या कार्डांवर बंदी घातली, शिक्षकांनी ती जप्त केली. मी स्वतः शिक्षक असल्याने माझी सहानुभूती जप्त करणाऱ्यांकडेही थोडीशी जाते. परंतु ही बंदी त्या अनुभवाचा भाग होती. १९८७ साली काढलेला चित्रपट आपटला. त्याच वर्षी सीबीएस वाहिनीसाठी तयार झालेली सचेतन मालिका विरोधामुळे अमेरिकेत त्या वेळी दाखविलीच गेली नाही. कार्डांचे एका बाजूला बाहुलीशी आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या माणसांशी भांडण होते. पंचवीस सेंट हे मुलाच्या खिशातले पैसे होते, आणि ते कशावर खर्च करायचे हे मूल ठरवीत होते.

न्यायालयातील निर्णय

बाहुलीच्या मालकांनी टॉप्सवर दावा गुदरला. १९८६ साली जॉर्जियातील संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. कार्डे विडंबन असल्याने ती न्याय्य वापरात मोडतात, हा टॉप्सचा बचाव मान्य झाला नाही. विडंबनापेक्षा नफा हाच कार्डांचा मुख्य हेतू आहे, असे न्यायालयाला वाटले. पुढे आपसांत तडजोड झाली. टॉप्सने मुलांची ठेवण व नाममुद्रा बदलण्याचे मान्य केले, आणि नंतरच्या संचांतील मुले मऊ कापडाऐवजी कठीण प्लास्टिकची, तडे गेलेली दिसू लागली.

या निर्णयात एक समीक्षात्मक चूक आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. नफा आणि विडंबन परस्परविरोधी आहेत असे त्यात गृहीत धरले आहे. १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅम्पबेल विरुद्ध एकफ-रोझ या खटल्यात, केवळ व्यापारी आहे म्हणून विडंबन न्याय्य वापराबाहेर जात नाही, असे स्पष्ट केले. मराठीत आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाच्या आवृत्त्या खपल्या म्हणून त्यातील विडंबन कमअस्सल ठरत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. तथापि तडजोडीचा कलादृष्ट्या झालेला परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. बाहुलीशी असलेले साम्य जसजसे पुसले गेले, तसतशी अनुकृती सैल झाली. तोवर बाहुलीची लाटही ओसरली होती. १९८८ मध्ये मालिका थांबली याची कारणे बाजाराच्या भाषेत सांगता येतील. रसाच्या भाषेत सांगायचे तर अनुकार्यच हरवले होते.

पुनरागमनाचे स्वरूप

२००३ नंतरच्या संचांपुढे म्हणूनच मूलभूत प्रश्न होता : आता विडंबन कोणाचे? काही काळ उत्तर शोधण्याचे प्रामाणिक प्रयत्न झालेले दिसतात. परंतु हळूहळू मालिका स्वतःच्याच भूतकाळाकडे वळली. २०१० पासूनच्या ‘फ्लॅशबॅक’ संचांत जुनी चित्रे पुन्हा छापली गेली. २०१८ चा एक संच ऐंशीच्या दशकाचा आणि २०१९ चा नव्वदच्या दशकाचा ‘आम्हाला तिटकारा आहे’ असे शीर्षक घेऊन आला. शीर्षक तिटकाऱ्याचे असले, तरी आतली चित्रे त्या दशकांतील चित्रपट, खेळणी, गायक यांची लाडाने केलेली उजळणी आहे. वर्धापनसंचांत तर जुनी पात्रेच नव्या प्रसंगांत येतात.

ॲडम बॉम्बचे उदाहरण बोलके आहे. १९८५ च्या मूळ चित्रात एक हसरे मूल स्वतःच्या बोटाने कळ दाबते आहे आणि त्याच्या डोक्यातून अणुस्फोटाचा छत्रीसारखा ढग उसळतो आहे. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत अमेरिकेतील मुलाला या ढगाचा अर्थ ठाऊक होता. मोठ्यांनी जगाचे जे करून ठेवले होते, ते एका बाळाच्या टाळूतून फुटत होते, आणि बाळ समाधानाने हसत होते. संपूर्ण मालिकेत इतके भेदक चित्र दुसरे नाही. आज हेच चित्र मालिकेचे बोधचिन्ह आहे. सदऱ्यांवर, खेळण्यांवर, खोक्यांवर ते छापले जाते. ढग राहिला, भय गेले. तो पाहून ग्राहकाला स्फोट आठवत नाही, शाळेतली मधली सुट्टी आठवते.

याहून विचार करायला लावते ती नव्या संचांची विक्रीची रचना. मर्यादित प्रती, क्रमांकित प्रती, निरनिराळ्या रंगांच्या चौकटींच्या दुर्मीळ आवृत्त्या, छपाईच्या मूळ पट्ट्या, चित्रकाराने हाताने काढलेली आणि म्हणून जगात एकच असलेली रेखाचित्र-कार्डे. जुन्या कार्डांसाठी दर्जा ठरविणाऱ्या व्यावसायिक कंपन्या आहेत. त्या कोपरे, कडा, छपाईचा मध्य तपासतात, गुणांक देतात आणि कार्ड कठीण प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करतात. आता बाहुलीची आठवण करावी. एकमेव असल्याचा दावा, प्रत्येकीचा वेगळा दाखला, दत्तकपत्र. कार्डांनी ज्याची टर उडविली ते सारे, बाब न् बाब, त्यांच्याच अंगी परत आले आहे. पूर्वी खोटी प्रमाणपत्रे कार्डाच्या पाठीवर विनोद म्हणून छापली जात. आता कार्डालाच खरे प्रमाणपत्र लागते, आणि त्यात विनोद कोणालाच दिसत नाही. विरूप देह पुन्हा बंद झाला आहे, या वेळी अक्षरशः प्लास्टिकमध्ये. चाळिशी-पन्नाशीतील संग्राहक त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती वत्सलाची आहे. अनुकृतीचे अनुकार्य झाले, ते असे.

मे २०२० मध्ये टॉप्सने ही कार्डे साखळी-नोंदणीच्या तंत्रावर, केवळ संगणकीय रूपात विकली. ज्याला डिंक नाही आणि पाठ नाही, असे ते स्टिकर.

यावर आक्षेप घेतला जाईल. लहानपणी जप्त झालेली वस्तू प्रौढाने स्वकमाईतून पुन्हा मिळवली, तर त्यात समीक्षकाने नाक का मुरडावे? आक्षेप रास्त आहे. त्या खरेदीत एक खरी हानी भरून काढण्याची धडपड असते, आणि तिची थट्टा करण्याचे मला कारण नाही. माझे म्हणणे खरेदी करणाऱ्याविषयी नसून वस्तूविषयी आहे. शिवाय पुनरागमनाच्या काळात जिवंत प्रतिपक्ष सापडल्याची उदाहरणेही आहेत. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीवरील कार्डांत ट्रम्प, क्लिंटन आदी उमेदवार गार्बेज पेलच्या रूपात अवतरले. या चित्रांत जुना खट्याळपणा जागा झालेला दिसतो. परंतु ती आंतरजालावर, थोड्या मुदतीत, प्रौढ संग्राहकांना विकली गेली. मोठ्यांनी मोठ्यांची केलेली ही टिंगल. तिला जप्त करणारे कोणी नव्हते, आणि ती लपवून ठेवावी लागेल असे दप्तरही नव्हते.

चित्रकाराचे नाव

कॅबेज पॅच बाहुलीच्या पार्श्वभागावर झेव्हियर रॉबर्ट्स यांची सही छापलेली असे. मूळ गार्बेज पेल कार्डांवर चित्रकाराचे नाव नसे. वरवर पाहता बाहुली कर्त्याला मान देते आणि कार्ड देत नाही. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. केंटकी राज्यातील मार्था नेल्सन थॉमस या बाहुलीकार स्त्रीने, अशा दत्तक बाहुल्यांची कल्पना मूळची आपली असल्याचे सांगत रॉबर्ट्स यांच्यावर दावा केला होता, आणि तो न्यायालयाबाहेर मिटविला गेला. म्हणजे विडंबनाच्या विरोधात मौलिकतेचा कैवार घेणाऱ्यांची स्वतःची मौलिकताही वादग्रस्त होती. ही बाब कार्डांवरील चर्चेत बहुधा येत नाही.

दुसऱ्या बाजूला स्पीगलमन यांचा टॉप्सशी वाद झाला तोही कर्तृत्वाच्या प्रश्नावरच. नफ्यातील हिस्सा निर्मात्यांना मिळावा, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षे होती. १९८९ मध्ये टॉप्सने साठवून ठेवलेली मूळ चित्रे लिलावात विकली आणि पैसे स्वतःकडे ठेवले. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीनंतर स्पीगलमन दूर झाले. तीन वर्षांनी ‘माउस’ला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

पुनरागमनाने या बाबतीत काही भरपाई केली, हे मान्य करायला हवे. २०१२ साली एब्रम्स प्रकाशनाने मूळ कार्डांचे पुस्तक काढले. त्याला स्पीगलमन यांची प्रस्तावना आहे, आणि जॉन पाउंड यांनीही त्यात लिहिले आहे. २०१७ च्या ‘थर्टी इयर्स ऑफ गार्बेज’ या माहितीपटामुळे चित्रकारांचे चेहरे प्रथमच अनेकांसमोर आले. नव्या संचांत चित्रकारांच्या सह्यांची कार्डे असतात. परंतु ही सही कशा स्वरूपात आली, हेही पाहावे. ती निर्मितीच्या हक्काची खूण म्हणून आलेली नाही, दुर्मीळ वस्तूचे मोल वाढविणारा घटक म्हणून आली आहे. ज्या मुद्यावर स्पीगलमन बाहेर पडले, तो होता हिश्शाचा. वर्धापनसंचांतून साजरा होतो तो स्वाक्षरीचा. दरम्यान कंपनीही हात बदलत राहिली; २००७ मध्ये मायकेल आयझनर यांच्या गुंतवणूक संस्थेने भागीदारासह तिचा ताबा घेतला आणि जानेवारी २०२२ मध्ये ती फॅनॅटिक्सकडे गेली. प्रत्येक खरेदीदाराने कार्डांची नाममुद्रा घेतली, आणि तिच्यासोबत चाळीस वर्षांची लोकांची आठवणही.

या कार्डांना मूळचे स्टिकर म्हणत, हे संग्राहकांच्या बाजारात आज कोणाच्या फारसे ध्यानात येत नाही. पाठीमागचा कागद सोलायचा आणि चित्र कोठेतरी चिकटवायचे, यासाठी ती होती. ज्यांनी तसे केले त्यांची कार्डे बाकांवर, वह्यांवर, कपाटांच्या दारांवर चिकटली आणि झिजून गेली. दर्जा ठरविणाऱ्या कंपन्यांच्या लेखी सोललेल्या स्टिकरला काहीही किंमत नाही.